पट्टी शून्यावर

सर दिवसभर कॉम्प्युटरवर काम करायचे आणि चहाच्या आधी कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचे. हाताला काहीही लागलेलं नसायचं. लागणार काय? काचेच्या पाटीवर पेन फिरवून पुतळा घडवताना माती उडत नाही. पण उभा जन्म मातीत हात घातलेला माणूस, धुतल्याशिवाय कप उचलायचा नाही. महिन्याच्या सामानाच्या यादीत मी साबणाच्या वड्या लिहायचे आणि दर वेळी मनात म्हणायचे, जगातल्या दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवाल्याला इतका साबण लागत नसेल.

भिंगारमध्ये त्यांच्या घरामागे पत्र्याची शेड होती. सर तिला स्टुडिओ म्हणत, शेजारी कारखाना म्हणत, आणि सरांच्या पत्नी 'ते पलीकडचं' म्हणत. सर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. पुतळ्यांची कामं आधीपासून घेत होते, निवृत्तीनंतर ती वाढली. मला त्यांनी ठेवलं ते फोन, तारखा, वाहतूक आणि गिऱ्हाइकं सांभाळायला. सरांनाही सांभाळावं लागेल हे नेमणुकीच्या वेळी कोणी बोललं नव्हतं.

काम असं चालायचं. सर कॉम्प्युटरवर पुतळा घडवायचे. फाईल एमआयडीसीतल्या एका मशीनवाल्याकडे जायची. तो थर्माकोलमध्ये पुतळा कापून द्यायचा. त्यावर मातीचा पातळ हात, मग साचा, मग फायबर, वर ब्राँझचा रंग. म्हणजे माती होती, पण भाकरीला तेलाचं बोट लावावं इतकीच. खरं घडवणं सगळं पडद्यावर. सरांच्या डोक्याला हे पटलं होतं, हातापायांना पटलेलं नव्हतं. पुतळ्याची पाठ बघायची झाली की ते खुर्चीतून उठायचे आणि मॉनिटरच्या मागे जायचे. तिथे वायरी आणि जळमटं बघून परत यायचे. "सवय," एवढंच म्हणायचे आणि मग पेनाने पुतळा फिरवायचे.

मातीचं काम अर्धवट राहिलं की संध्याकाळी त्यावर ओला फडका टाकतात, नाहीतर माती तडकते. मी येण्याआधीचा मॉनिटर या फडक्याने गेला. दुरुस्तीवाल्याने विचारलं, "पाणी सांडलं का?" सर म्हणाले, "सांडलं नाही, टाकलं." पुढे मी नियम केला की फडका टाकायचाच असेल तर कोरडा टाकायचा. तो त्यांनी पाळला. फक्त निघताना फडक्याला बोट लावून चुकचुकायचे.

सरांच्या कामात एक खोट होती आणि ती जिल्हाभर उभी आहे. त्यांच्या हातून घडलेल्या प्रत्येक माणसाला सरांचं नाक यायचं. लांब, मधे उंचवटा असलेलं, टोकाला किंचित डावीकडे कललेलं. पुढारी असो, पैलवान असो, कुणाचे वडील असोत, नाक सरांचं. हे आपल्या हातून होतंय, हे त्यांना स्वतःला फार उशिरा कळलं. एका अनावरणात कुणीतरी पुतळ्याकडून सरांकडे आणि सरांकडून पुतळ्याकडे बघून विचारलं होतं, "तुमचे नातेवाईक का हो?"

कॉम्प्युटर आल्यावर त्यांना या नाकावर इलाज सापडला. तो म्हणजे लेयर.

लेयर म्हणजे काय ते सांगते, कारण सरांचा सगळा स्वभावच पुढे त्या एका गोष्टीवर उभा राहिला. पुतळ्याचं मूळ अंग असतं. त्यात बदल करायचा तर थेट त्याला हात लावत नाहीत. वर एक लेयर घेतात, म्हणजे समजा पारदर्शक कातडं, आणि बदल त्यावर करतात. शेजारी एक पट्टी असते. पट्टी पूर्ण उजवीकडे नेली की बदल पूर्ण दिसतो, निम्म्यावर आणली की निम्मा, शून्यावर आणली की बदल आहे पण दिसत नाही. शून्याच्या पलीकडे नेली तर उलटा होतो, फुगवलेला गाल खोल जातो. अट एकच. काम सुरू करण्याआधी लेयरसमोरची लाल खूण लावायची. ती नसेल तर हात थेट मूळ अंगावर पडतो, आणि मग त्याला पट्टी नसते.

सरांच्या प्रत्येक फाईलमध्ये पहिल्या लेयरचं नाव असायचं 'माझं नाक घालवा'.

दुसऱ्या लेयरपासून गिऱ्हाइकं सुरू व्हायची. पुतळा म्हटला की समिती आली, आणि समिती म्हटली की प्रत्येकाला काहीतरी म्हणायचं असतं. मातीच्या काळात सर भांडायचे आणि कामं हातची घालवायचे. लेयर आल्यापासून ते कुणालाही नाही म्हणेनासे झाले. कुणी म्हणालं, कपाळ मोठं करा, की सर लगेच नवा लेयर घ्यायचे, नाव द्यायचे 'उपाध्यक्षांचं कपाळ', लाल खूण लावायचे, समोरच्यासमोर कपाळ मोठं करायचे आणि म्हणायचे, "घेतलंय."

उपाध्यक्ष खूश होऊन जायचे. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत पट्टी शून्यावर.

"सर, ही फसवणूक आहे," मी एकदा म्हणाले.

"कसली? त्यांचं म्हणणं फाईलमध्ये आहे. नावानिशी आहे. घरी त्यांचं कोण एवढं जपून ठेवतं?"

"पण दिसत नाही ना."

"मॅडम, म्हणणं वेगळं आणि दिसणं वेगळं. दोन्ही मागत नाहीत ते. घेतलं का, एवढंच विचारतात."

आणि खरंच, अनावरणात प्रत्येक सभासद पाहुण्यांना सांगत असायचा की ते कपाळ, ती भुवई, तो खांदा माझ्या सूचनेवरून. सर मागे उभे राहून मान डोलवायचे.

सगळं पक्कं झालं की लेयर मूळ अंगात मुरवून टाकायचे असतात. मग पट्ट्या जातात, काहीच मागे घेता येत नाही. याला सर 'भट्टी लावणे' म्हणत. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "ऐकायचं सगळ्यांचं, भट्टी आपली."

ही भाषा हळूहळू शेडबाहेर आली. चहात साखर किती, तर "तीसवर ठेवा." नात्यातल्या एका भांडकुदळ माणसाबद्दल, "मुळात बरा आहे हो, वरचे लेयर बंद करून बघा." मला तर रोज, "मॅडम, तुमच्या घाईची पट्टी जरा डावीकडे." सरांच्या पत्नी एकदा दारातून म्हणाल्या, "मी सांगितलेलं दळण आणलंत का?" सर म्हणाले, "घेतलंय." गिरणीतून पीठ अर्थातच आलेलं नव्हतं. त्या दिवशी त्यांना घरात लेयरचा अर्थ नीट कळला आणि आठवडाभर सर मऊ भातावर होते.

मला वाटायचं, मी यातून वेगळी. मी काही समिती नव्हे. मी रोज फाईली बघते, मशीनवाल्याशी बोलते, काहीतरी समजूनच सूचना देते. आणि माझी प्रत्येक सूचना सर "घेतलंय" म्हणून घेत. एकदा सर बँकेत गेलेले असताना फाईलची नक्कल काढायला मी बसले, तर लेयरच्या रांगेत खाली 'मॅडम मान', 'मॅडम कान', 'मॅडम पुन्हा कान'. सगळ्या पट्ट्या शून्यावर.

सर आल्यावर मी पडद्याकडे बोट दाखवलं.

"हां," ते म्हणाले. "पण कान एकदा पाचवर नेऊन बघितला होता हं मी."

त्यानंतर दोन दिवस मी त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलले. त्यांना फरक कळला नाही.

नानांचं काम आलं ते यानंतर. पारनेर तालुक्यातल्या एका गावातून एक बोलेरो भरून माणसं आली. गावातल्या शाळेला नानांनी आपली जागा दिली होती. ते वारले, आता शाळेच्या फाटकाशी त्यांचा अर्धपुतळा बसवायचा. समितीचे अध्यक्ष नानांचे पुतणे, कडक इस्त्रीचे कपडे आणि दोन मोबाईल. त्यांनी खिशातून एक फोटो काढून दिला, कुठल्याशा कागदपत्रासाठी काढलेला, बोटाच्या पेराएवढा. तेवढा एकच फोटो होता. त्यात ओठ घट्ट मिटून, डोळे ताणून, कुणीतरी रागावल्यासारखा एक म्हातारा बघत होता.

"सर, मिशी दांडगी पाह्यजे," अध्यक्ष म्हणाले. "रस्त्यावरनं दिसली पाह्यजे."

"घेतली."

"गाल भरा. आमचं खातंपितं घर हाय, नाना वाळल्यालं दिसाया नको."

"घेतलं."

"आनि नजर जरा लांब ठिवा. मंजी भविष्याकडं."

सरांनी क्षणभर पेन थांबवलं, मग लेयरला नाव दिलं 'भविष्य'. "घेतलं."

पुढच्या खेपेला समितीने पडद्यावर सगळं पूर्ण पट्टीवर बघितलं, माना डोलावल्या आणि मंजुरी दिली. अनावरणाची तारीख ठरली, पाहुणे ठरले. जाताना अध्यक्षांनी हळूच हेही ऐकवलं की नगरमध्ये आणखी एक पुतळेवाले आहेत आणि ते सांगू ते करतात. मी फाईलची नक्कल पेनड्राईव्हवर घेतली, त्यावर 'मंजूर' अशी चिठ्ठी लावली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. मी अशी प्रत्येक टप्प्याची नक्कल ठेवते.

आणि मग एक दिवस नानी आल्या. नानांच्या पत्नी. एकट्या, पारनेरहून एसटीने नगरला आणि तिथून रिक्षाने शेडच्या दारात. डोक्यावर पदर, हातात पिशवी, डोळ्यांत मोतीबिंदूची सायी.

"पुतळ्याचं मास्तर हितंच का?"

मी त्यांना स्टुलावर बसवलं. सरांनी नानांचा चेहरा मोठा करून दाखवला. नानी पडद्याच्या अगदी जवळ गेल्या, मग मागे आल्या.

"ह्यो कोन?"

"नाना," सर म्हणाले.

"न्हाई, मास्तर. ह्यो तहसीलदार हाय."

मला हसू आवरेना. सरांनी फोटो पुढे केला. "फोटोवरनंच केलंय, नानी. बघा, तोंड असंच आहे."

"त्यो फोटोवाला म्हनला, तोंड मिटा. मंग मिटलं. जन्मात तेवढंच एक डाव मिटलं हुतं, आनि नेमका त्यातलाच फोटो निघाला. आमचं मालक गप बसल्यालं कुनी बघितलं न्हाई. उघडं त्वांड, म्होरचा दात न्हाई, बैलाच्या शिंगानं गेल्ता. आनि हसनं. येकांदी गोष्ट सांगाया लागायचं आनि शेवट यायच्या आदी आपनच हसाया लागायचं. गावात कुनाला त्यांच्या येका गोष्टीचा शेवट म्हाईत न्हाई."

"पुतळ्याचे दात दाखवत नाहीत, नानी," सर म्हणाले. हे त्यांचं जुनं तत्त्व होतं. "उघड्या तोंडात पावसाचं पाणी साचतं. चिमण्या काडी ठेवतात. पोरं विडी ठेवतात."

"ठिवू द्या की. जित्या तोंडात बी इडी असायचीच."

नानींनी पडद्याकडे पाठ केली. "लई चमकतंय ह्ये, डोळ्याला पानी येतं," म्हणाल्या आणि दाराकडे तोंड करून बसल्या. "मला काय नगं, मास्तर. मिशी किती बी मोठी लावा. निस्तं येकदा त्यांच्याकडं बघितल्यावानी झालं पाह्यजे. घरात फोटो लावलाय त्यो, रोज मला वाटतं पावना आलाय."

मग त्या बोलत राहिल्या. नाक बसकं. हसताना वरचा ओठ डावीकडे जास्त चढायचा. एक डोळा आधी बारीक व्हायचा, दुसरा मागून. नानांची एक अर्धवट गोष्ट त्यांनी सांगितली, गावच्या रेड्याची, आणि शेवटाला येऊन म्हणाल्या, "म्होरचं मला बी म्हाईत न्हाई." सर हसत होते, आणि हसता हसता त्यांचं पेन चाललं होतं. इतकं भरभर चाललेलं मी पाहिलं नव्हतं.

"मी जलमभर त्यांना येकच सांगत आले," उठताना नानी म्हणाल्या.

"काय?" सरांनी विचारलं.

"जाऊ द्या. आता कुनाला सांगायचंय." एसटीची वेळ झाली होती. त्या पडद्याकडे न बघताच गेल्या. सर संध्याकाळपर्यंत बसले, फाईल साठवली, कॉम्प्युटर बंद केला, हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाईल उघडली. समोर एक म्हातारा तोंड उघडून हसत होता. छान होता. मी लेयरच्या रांगेत 'नानी' शोधलं. नव्हतं. एकेक पट्टी तपासली. मिशी, गाल, भविष्य, सगळ्या शून्यावरच. तरी म्हातारा हसतच होता.

"सर," मी म्हणाले, "लाल खूण लावली नव्हतीत."

हात लावण्याआधी लाल खूण बघा, असं ठळक अक्षरात लिहून सरांनीच भिंतीवर चिकटवलं होतं. मलाही ते रोज ऐकवायचे. ते पुढे आले, चष्मा वर करून रांग बघितली.

"विसरलो."

"सगळं मूळ अंगावर झालंय. हे आता कमी करता येणार नाही. आणि काल साठवून बंद केलंत, त्यामुळे मागेही जाता येणार नाही. माझ्याकडे मंजूर फाईल आहे. ती लावू?"

"तुमच्याकडे असणारच," सर म्हणाले आणि पडद्याकडे वळले. मग त्यांनी बोट टेकवलं, वरच्या पहिल्या लेयरवर. 'माझं नाक घालवा', पट्टी शून्यावर.

"मॅडम, नाक बघा."

मी बघितलं. बसकं, रुंद, शेतकऱ्याचं नाक. घालवायला काही नव्हतंच.

"पहिल्यांदा," ते म्हणाले. "माझं नाही आलं. ड्रॉवर बंद करा तुमचा."

"अध्यक्ष काम काढून घेतील. त्यांनी ऐकवलंय तसं."

"त्यांना बोलवा."

अध्यक्ष आले ते घाईत, एक मोबाईल कानाला. सरांनी त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं, हे कधी होत नसे. आणि समितीचे सगळे लेयर एकदम पूर्ण पट्टीवर नेले.

ते लेयर मिटलेल्या तोंडासाठी केलेले. उघड्या तोंडावर चढल्यावर मिशी सरळ घशात उतरली. गाल डोळ्यांवर गेले. भविष्याकडची नजर छताकडे वळली. अध्यक्षांनी मोबाईल खाली ठेवला.

"आरं द्येवा. ह्ये काय, सर?"

"तुमच्या सूचना. सगळ्या घेतल्यात," सर म्हणाले आणि पेन त्यांच्या हातात दिलं. "आता तुम्हीच कमी करा. ही मिशीची पट्टी. बरं वाटेल तिथे थांबा."

अध्यक्षांनी मिशी निम्म्यावर आणली. ओठात केस अडकल्यासारखं दिसलं. आणखी खाली आणली. मग गाल. मग भविष्य. प्रत्येक पट्टीवर ते थांबायचे, सरांकडे बघायचे, सर पत्र्याकडे बघायचे. शेवटची पट्टी शून्यावर गेली तसे अध्यक्ष खुर्चीत मागे टेकले.

"नाना," ते म्हणाले. आणि मग, "रेड्याची गोष्ट सांगत्यात जनू."

"शेवट माहीत आहे का तुम्हाला?" मी विचारलं.

"न्हाई वो. कुनालाच न्हाई." त्यांनी नाक ओढलं. मग अध्यक्षपद आठवलं. "पर दात न्हाई ते दिसतंय, सर. पावने येनार. लोक हसत्याल."

"नानीसुद्धा हसतील कदाचित."

"मानूस शाळंला जागा देतो आनि पुतळा बोळक्या तोंडाचा. बरं दिसंल का?"

"तुम्ही सांगा. मंजूर फाईल मॅडमकडे आहे. म्हणाल तर तीच पाठवतो, तहसीलदारांची."

अध्यक्षांनी पुन्हा एकदा मिशीची पट्टी वर नेली, खाली आणली. "थोडी तरी ठिवा वो माझी मिशी," शेवटी म्हणाले. "समितीत सांगाया."

"घेतली," सर म्हणाले. त्यांनी ती पाचवर ठेवली आणि अध्यक्षांच्या देखत भट्टी लावली. पट्ट्या गेल्या. आता देवालाही बदलता आलं नसतं.

अनावरणाला मी आणि सर टेम्पोसोबत गेलो. सर मांडवात बसले नाहीत. पाण्याच्या टाकीपाशी उभे राहिले, अंगात मास्तरकीच्या दिवसांतला जुना एप्रन. भाषणं झाली. मग अध्यक्षांनी दोरी ओढली, कापड खाली आलं आणि शाळेच्या फाटकाशी नाना तोंड उघडून हसायला लागले.

कुणी टाळी वाजवली नाही. मागे एक जण खुदकन हसला आणि गप्प झाला. पाहुणे अध्यक्षांकडे बघू लागले, अध्यक्ष नानींकडे. मी सरांकडे बघितलं. त्यांनी दोन्ही हात एप्रनखाली घातले होते.

नानी उठल्या. हळूहळू चालत पुतळ्यापाशी गेल्या, अगदी जवळ, पडद्याजवळ गेल्या होत्या तशा. मान वर करून बघत राहिल्या. पदर पुढे ओढला. आणि रोज सांगून सांगून कंटाळलेल्या आवाजात म्हणाल्या,

"अवो, मिटा की त्वांड. माशी जाईल."

सगळा मांडव हसला. अध्यक्ष हसता हसता रुमाल शोधायला लागले. शाळेच्या बाई, पोरं, पाहुणे, सगळे. नानी तिथेच उभ्या होत्या, पुतळ्याकडे रागाने बघत. पाहुण्याकडे असं कुणी बघत नाही.

सरांना टाकीपाशी ऐकू आलं नव्हतं. त्यांनी मला खुणेनेच विचारलं. मी जाऊन सांगितलं, नानी म्हणतायत, तोंड मिटा.

सरांनी टाकीची तोटी सोडली आणि कोपरापर्यंत हात धुवायला लागले.

"घेतलंय म्हणून सांगा," ते म्हणाले.